चिंचेखालचा थांबा

सगुणाबाई बाळकुमहून भाजीची पाटी डोक्यावर घेऊन रोज चालत नौपाड्यात येत असे. नवरा मिठागरात राबता राबता वारला. तेव्हापासून आग्रा रोडच्या वळणावरील चिंचेची सावली हाच तिचा आधार होता. त्या सावलीत तिची मेथी दुपारपर्यंत टवटवीत राही.

१९५३ साली आमच्या नौपाड्यातील सुशिक्षितांनी वाहतूक सुधारणा मंडळ स्थापन केले. टांगे आणि बैलगाड्या यांची वळणावर होणारी कोंडी फोडावी व बसचा एक थांबा मिळवावा, हा उदात्त हेतू. अध्यक्ष अण्णा कारखानीस यांनी आपल्या खिडकीतून पाहणी केली. चिंचेखाली रोज सकाळी माणसांची दाटी आढळली. हे सारे बसअभावी ताटकळणारे उतारू होत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ती मंडळी तोंडली निवडत असतात, हे मी सभेत निदर्शनास आणले. परंतु तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

थांब्याचा खांब उभा राहिला. लगोलग अण्णांना उतारूंच्या मार्गातील अडथळाही दिसला.

"बाई, इथून उठा. हा थांबा आहे."

"खांब कालचा, अण्णा. माझी आय पन हितंच बसायची."

"आईच्या वेळी बस नव्हती."

"आता तरी कुठं हाय? नुसता खांबच हाय."

तिला मागच्या गल्लीत, उन्हात बसवण्यात आले. गिऱ्हाइके तिच्यामागे गेली, त्यांच्यामागे टांगे, गल्ली तुंबली. थांब्यावर मी आणि एक कुत्रे एवढेच उरलो. काही दिवसांनी बस सुरू झाली आणि उतारूंअभावी थांबा रद्द करण्याचा विचार चालू असून बसखात्याचे साहेब पाहणीस येत आहेत, असेही कळले. तेव्हा अण्णा स्वतः गल्लीत गेले.

"सगुणाबाई, उद्या चिंचेखाली बसा."

"मंग परवा उठवाल."

"छे हो. थांबा टिकला की जागा कायमची तुमची. माझा शब्द."

"तुमच्या शब्दाला सावली हाय का, अण्णा?" असे म्हणून ती हसली. पण कोमेजलेल्या मेथीकडे पाहून दुसऱ्या दिवशी आली.

गर्दी पाहून साहेब प्रसन्न झाले. बस आली. तिच्यात बसणारा मी एकटाच. मात्र भाजी घेणाऱ्यांमधून वाट काढून मला दारापर्यंत पोहोचता आले नाही. बस तशीच गेली.

"केवढी ही गरज! माणसे मागे राहिली," साहेब म्हणाले. "थांबा कायम करू. फक्त ही भाजीवाली तेवढी हलवा. उतारूंना चढता येत नाही."

अण्णांनी नम्रपणे मान डोलावली.

सगुणाबाईने कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. तिने चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली आणि ती अण्णांना म्हणाली, "पाटीला हात लावा."

अण्णांनी एकदा साहेबांकडे पाहिले. मग हात लावला.

थांबा आजही कायम आहे. चिंचेची सावली खांबावर पडते. गल्लीतून आमच्या घरी येणारी मेथी मात्र सकाळीच मान टाकते.