साडूंची न दिसणारी चांदी

झाडाचा पाला पाहून ज्याच्या तोंडाला पाणी सुटतं, असा शेळीनंतरचा एकमेव प्राणी म्हणजे आमचे साडू. धुळ्याच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात आणि माझं लग्न झाल्यापासून पीएच.डी. करत होते. विषय एकच : पाला उकळायचा, गाळायचा, तो काढा चांदीच्या क्षाराच्या पाण्यात ओतायचा. पाणी चहासारखं तांबूस झालं, की त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार झाले. विषारी रसायन नको, भट्टी नको, पर्यावरणाला कसलाच धक्का नाही. धक्का बसला तो फक्त जळगावातल्या आमच्या अंगणातल्या कढीपत्त्याला. धुळ्यातली सगळी झाडं उकळून झाल्यावर साडूंना शोध लागला, की खरा रंग आमच्याच झाडाला येतो. तेव्हापासून दर रविवारी ते एसटीने यायचे, झाडाला सलूनमधून आल्यासारखं करून, जेवून परत जायचे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "जवाई, इतली चांदी करतस, ती शे कोठे? नातूले एक वाळा तरी करा!"

"आई, ती डोळ्यांना दिसत नाही."

"मंग ती नहीच शे!" म्हणून सासूबाई भाकरी थापायला गेल्या. इतक्या थोडक्यात साडूंचा प्रबंध आजवर कुणी तपासला नसेल.

या चांदीने साडूंची दहाही बोटं सदा काळी असायची. हातमोजे घातले, की म्हणे हाताला अंदाज येत नाही! मतदानाला गेले, तर केंद्रावरचा अधिकारी म्हणाला, "काका, तुमचं मतदान झालंय. दहा वेळा." मतदानाच्या शाईतही तोच क्षार असतो, हे समजावताना साडू उत्साहाने ओरडले, "साहेब, ही चांदी आहे चांदी!" मतदान केंद्रात अधिकाऱ्यासमोर हा शब्द उच्चारू नये, एवढं व्यवहारज्ञान त्यांना नाही. पोलीस धावत आला. शेवटी यादीत नाव सापडलं, पण शाई लावायला बोटावर कोरी जागा सापडेना.

पुढे एका उन्हाळ्यात बायकोने जाहीर केलं, "दाजींनी आता एक पान तोडलं, तर तुम्हाला बिनफोडणीचं वरण." मी दोन्ही पक्ष सांभाळणारा माणूस, म्हणजे भित्रा. साडूंना म्हटलं, "उन्हात कशाला येता? मी पाला एसटीने पाठवतो." आणि दर रविवारी बाजारातून जुड्या घेऊन, अंगणातल्या झाडाच्या म्हणून धुळ्याला पाठवू लागलो. कढीपत्ता तो कढीपत्ता, माझ्या आमटीने कधी तक्रार केली नव्हती.

साडूंच्या बाटल्यांनी मात्र केली. रंग एकदा लगेच यायचा, एकदा दुसऱ्या दिवशी, एकदा यायचाच नाही. त्यांनी पाणी बदललं, बाटल्या बदलल्या, तराजू दुरुस्त केला. मार्गदर्शकांनी बजावलं, पुन्हा पुन्हा तोच निकाल येत नसेल, तर प्रबंध विसरा. मेहुणीचा फोन आला, "हे जेवत नाहीत हो. म्हणतात, माझा हातच खोटा." त्या दिवशी मला आमटी गेली नाही.

धुळ्याला जाऊन मी सगळं कबूल केलं. साडू मग आपल्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझा हात खरा होता?" डोळे पुसले आणि लगेच ओरडले, "साडूभाऊ, कुठल्या दुकानाचा पाला? कधी तोडलेला? हे आख्खं प्रकरण होईल!" माझ्या लबाडीचं त्यांनी खरोखरच प्रकरण केलं : 'बाजारातील पाला व ताजा पाला'. प्रबंधात आभार मानलेत, 'पाला पुरवल्याबद्दल, आणि काही काळ न पुरवल्याबद्दल'.

आता ते डॉक्टर झालेत. बोटं स्वच्छ झालीत आणि त्यांना ती मुळीच शोभत नाहीत. कढीपत्ता गच्चीपर्यंत गेलाय, बायकोच म्हणते, "कुणी तोडायलाच येत नाही." परवा एका लग्नासाठी आले, तेव्हा साडू झाडाखाली उभे राहिले. मी पिशवी पुढे केली. त्यांनी एकच पान तोडलं, चुरगाळून वास घेतला आणि खिशात टाकलं.

"फोडणीला," म्हणाले.

एका पानात कसली फोडणी होते?