वैशाखातली पानगळ

यसबा कांबळे चालती एसटी मध्येच थांबवायचा. थांबा नसताना, रस्त्यात जनावर आडवं नसताना. मी पहिल्यांदा त्याच्या कोल्हापूर-गारगोटी गाडीत बसलो तेव्हाही असाच ब्रेक लागला आणि माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटलं. बघतो तर एक लांबलचक धामण रस्ता ओलांडत होती, अगदी सवडीनं. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, घाल की अंगावरनं! साप हाय, तुजा पावणा न्हाय!"

यसबानं मान वळवली नाही. "रस्ता आपुन मधनं काढलाय. ती आधीपासनं हितलीच हाय. गप बसा." शेपूट गवतात दिसेनाशी झाल्यावरच त्यानं गिअर टाकला.

मी गारगोटीच्या हायस्कुलात शिकवत होतो आणि राहायला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. रोजचा प्रवास, त्यात ड्रायव्हरच्या मागची जागा माझी ठरलेली. आमची मैत्री झाली आणि अरे-तुरेही. लोक त्याला 'बुद्धाचा डायवर' म्हणून चिडवत. शांत, हसतमुख बुद्धाशी त्याचं काही जुळणारं नव्हतं. तो तोंडाचा फटकळ होता. कुणी उसाच्या पाचटाला काडी लावलेली दिसली की खिडकीतून शिवी हासडायचा. "आत घोरपडीची पिलं हायत! भाजून खानार हाईस व्हय रं?" मी एकदा म्हणालो, "यसबा, अरे धर्म सांगतोस आणि शिव्या देतोस?" तर म्हणाला, "मास्तर, आपला बाप जल्मला झाडाखाली, शाना झाला झाडाखाली, गेला बी झाडाखालीच. त्येचं नाव घ्यायचं आन काडी लावायची? शिवी न्हाय दिऊ तर काय हार घालू?"

गारगोटी रस्त्यापासून थोडं आत त्याचं गाव. गावाच्या टोकाला बौद्धवस्ती, वस्तीत कौलारू विहार आणि विहारापुढे पिंपळ. धर्मांतर केलं त्या वर्षी यसबाच्या वडिलांनी लावलेला. चार माणसांच्या कवेत मावणार नाही एवढा झाला होता. लग्नं, बारशी, भांडणं, सगळं त्याच्या सावलीत.

यसबा निवृत्त झाला आणि वस्तीत हॉलची चर्चा सुरू झाली. पुढाकार त्याच्याच मुलाचा, मिलिंदचा. मिलिंद शिकलेला, हुशार, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गावातला मंडप वस्तीतल्यांनी लग्नासाठी मागितला की नेमका त्याच दिवशी तो कुणीतरी आधी ठरवलेला असायचा. एका मुलीच्या अक्षता पावसात, डोक्यावर ताडपत्री धरून पडल्या होत्या. पण हॉलला जागा पाहिजे म्हणजे पिंपळ पाडायला पाहिजे.

बैठकीला मीही होतो. मिलिंद म्हणाला, "आबा, झाड परत लावता येतं. गेलेली अब्रू परत येत न्हाय."

यसबा उठला. त्यानं विहाराला लागून असलेल्या स्वतःच्या घराकडे बोट केलं. "त्ये पाडा. तितं बांदा तुमचा हाल. झाडाला हात लावायचा न्हाय."

बायकोला त्यानं विचारलंही नव्हतं. सोनाबाई दारातच उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "चूल तेवडी मला काढून घिऊ द्या."

घर पडलं. नवरा-बायको ओढ्याकाठी पत्र्याच्या शेडात राहायला गेले. मिलिंद नोकरीमुळे कागलला राहायचा, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. हॉल मात्र देखणा झाला. उद्घाटन बुद्धपौर्णिमेला ठरलं, मोठा पुढारी येणार होता.

त्याच सुमारास सोनाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मिलिंदनंच घाई केली. "आईला कार्यक्रम दिसला पायजे." त्यासाठी यसबा आणि सोनाबाई कोल्हापूरला माझ्याकडे उतरले. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी त्यांना पोचवायला गाडीनं निघालो. सोनाबाईंच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच दिसत नव्हतं. यसबानं त्यांचा हात धरला होता.

वस्तीच्या तोंडाशी गाडीतून उतरून चालू लागलो आणि यसबा थांबला. समोर हॉल होता, गुलाबी रंगाचा, पहिल्यांदाच नीट दिसणारा. त्याच्यापुढे आभाळ होतं. जमिनीवर ओंडके पडले होते. फांद्यांच्या ढिगात कावळ्यांची घरटी उलटी झाली होती, पंख न फुटलेली पिलं मातीत वळवळत होती आणि एक कुत्रं सावकाश, निवडून खात होतं. वर कावळे नुसते ओरडत फिरत होते.

"अवो," सोनाबाई म्हणाल्या, "आज हितं ऊन कसं काय लागतंय?"

यसबाचे ओठ हलले. मग तो म्हणाला, "पानगळ लागल्या."

"वैशाखात?"

सोनाबाईंनी त्याचा हात सोडला आणि चाचपडत, एकट्याच पुढे चालू लागल्या.

मिलिंद आला. घामेजलेला, नजर खाली. म्हणाला, "आबा, पुढाऱ्याच्या गाड्या वळत न्हवत्या. रस्त्यावरनं हाल बी दिसत न्हवता. रंगावर पाखरं घान करत हुती. कमिटीनं ठरवलं." मग आवाज जरा चढवून म्हणाला, "आत या, बघा तरी." आत, बुद्धमूर्तीच्या मागे, सिमेंटचा पिंपळ होता. प्रत्येक पान हिरव्या ऑइलपेंटनं रंगवलेलं.

दुसऱ्या दिवशी जागा दिली म्हणून यसबाला स्टेजवर बसवून शाल घातली. वंदना झाली. सगळ्यांनी पंचशील म्हटलं. 'पाणातिपाता वेरमणि', जीव मारणार नाही. शेकडो माणसांचा आवाज हॉलमध्ये घुमला. मी यसबाकडे बघत होतो. त्याचं तोंड मिटलेलं होतं, पहिल्या शीलापासून शेवटच्यापर्यंत. पुढाऱ्यानं भाषणात त्याला त्यागमूर्ती म्हटलं, तेव्हा टाळ्या पडल्या.

पुढं तो माझ्याशी बोलायचा, पण रागवायचा नाही. रस्त्याकडेला पाचट पेटलेली दिसली तरी नुसता बघत राहायचा. मला ते जास्त भयंकर वाटे. सोनाबाई दोन उन्हाळ्यांनी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला यसबानं हॉल घेतला नाही, ओढ्याकाठी उन्हात माणसं बसवली. आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हॉल नाकारणाऱ्याच्या दारात कोण येणार?

त्याच्या शेवटच्या आजारात मी शेडात बसलो होतो, तेव्हा मिलिंद आला. तोही आता पिकला होता. हॉल उन्हाळ्यात भट्टीसारखा तापायचा, बायका-पोरं भोवळ येऊन पडायची, लोक लग्नं परत बाहेर मांडव घालून करू लागले होते. मिलिंद पायाशी बसला. रडतच म्हणाला, "आबा, चुकलं. म्या पिंपळ लावतो परत. कुटं लावू तेवडं सांगा."

मला वाटलं, आता हा माणूस मुलाच्या डोक्यावर हात ठेवील. मरताना माणसं ठेवतात.

यसबानं डोळे उघडले. आवाज बारीक होता, पण प्रत्येक शब्द स्वच्छ. "लाव की. कुटं बी लाव. तुज्या नातवाला सावली मिळंल." धाप लागली म्हणून तो थांबला. "तुला न्हाय."

आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.