सरगुंडेसरांचा तारा

सरांना खऱ्या आडनावाने हाक मारणारं चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या आमच्या कॉलेजात कोणी नव्हतं. ते सरगुंडेसर! उन्हाळ्यात आमच्याकडे काडीवर कणीक गुंडाळून सरगुंडे करतात, आंब्याच्या रसाबरोबर खातात. सर ते डब्यात घालून भौतिकशास्त्राच्या तासाला आणायचे. "न्यूट्रॉन ताऱ्याच्या पोटात हेच आहे. वरतं लोखंडावानी कडक कवच. त्याच्याखाली दाब एवढा, का अणूची केंद्रकं आधी गोळे होतेत, मंग सरगुंडे, मंग पापड." एका महाभागाने परीक्षेत 'न्यूट्रॉन ताऱ्यात सरगुंडे आढळतात' असं लिहिलं. सरांनी पूर्ण मार्क दिले.

तारा सूर्याहून जड, पण चंद्रपूरहून निघालं तर मूल यायच्या आत संपणारा. फळ्यावर त्याचा गोल काढून सर एकेक थर भरत जायचे आणि गाभा कोरा ठेवायचे. "इथी काय आहे, ते दुनियेत कोणालेच पक्कं ठाऊक नाई. कोण सांगन मले?"

"मी सांगीन बाबा!" पहिल्या बाकावरून छाया ओरडायची. सरांची एकुलती एक मुलगी, आमच्याच वर्गात. वर्गात बाबा म्हणू नको, हे ऐकेल ती छाया कसली.

तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता. दुखणं उठलं की हातपाय पोटाशी घेऊन पडायची. बारावीच्या हिवाळ्यात ती दवाखान्यातून परतेचना. तिच्या गटाचं रक्त मिळेना. सर राइस मिलवर, बसस्टँडवर, दिसेल त्याला हात जोडत होते. आमच्याकडेही आले. आम्ही सगळे अठराच्या आतले, आमचं रक्त घेत नव्हते.

"तुमचं काऊन चालत नाई रे?" ठाऊक असूनही ते विचारत राहिले. मग कॉलेजच्या पायरीवर मटकन बसले. "ताऱ्याच्या पोटातलं सांगतो मी, अन् पोरीच्या हाडात काय होऊन राह्यलं, ते थांबवता येत नाई मले." देवाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

छाया गेली.

काही दिवसांनी सर वर्गावर आले. तोच गोल, कवच, सरगुंडे. गाभ्यापाशी खडू थांबला. सवयीने पहिल्या बाकाकडे वळून त्यांनी विचारलं, "कोण सांगन मले?"

सर खडू धरून तसेच उभे राहिले, उत्तराची वाट पाहत. घंटा झाली, तरी आमच्यातलं कोणी उठलं नाही.