शाळेत वस्तीला

मागच्या आठवड्यात केळव्याच्या पुढे, किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात माझ्या एका शब्दाने केवढा घोळ घातला... अजून डोक्यातून जात नाही. म्हणून लिहूनच टाकते.

मी तिथल्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका, राहायला बोईसरला. मे महिन्याची सुट्टी होती, सकाळी लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसले होते आणि तहसील कचेरीतून फोन आला. समुद्रात वादळ आहे, संध्याकाळच्या भरतीला जोर असेल, किनाऱ्याच्या पहिल्या रांगेतली घरं त्याआधी रिकामी करायची. लोकांना रात्रभर शाळेत ठेवायचं आणि तिथली जबाबदारी माझी.

अकरापर्यंत शाळा तयार होती. सतरंज्या, पाण्याची पिंपं, खिचडीचं सामान, सगळं सरकारकडून वेळेत आलं, उगाच खोटं कशाला बोलू. आता फक्त रिक्षाला भोंगा लावून गावात सांगत फिरायचं होतं. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, मजकूर बाईच लिहितील, त्यांचं मराठी चांगलं आहे... मीही खूश होऊन झोकात लिहिलं, 'निर्वासितांसाठी शाळेत छावणी उघडली आहे, त्यांनी त्वरित दाखल व्हावे.'

एक वाजला, दोन वाजले... एक माणूस आलं नाही. पश्चिमेकडून आभाळ काळं होत होतं आणि मी दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन बघून येत होते. खिचडी पातेल्यात गार होऊन बसली.

माझा सगळा जीव अडकला होता भागीत. माझी जुनी विद्यार्थिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, बाळ जेमतेम बारा दिवसांचं. तिच्या आईचं, हिरामावशींचं घर पाण्याला सगळ्यात जवळ. तीन वाजता भाऊसाहेबांचा फोन आला, ऐकत नसतील तर पोलीस पाठवू का? म्हटलं अर्धा तास द्या, मी जाऊन बघते.

मावशी दारात बसून वाळलेले बोंबील पोत्यात भरत होत्या. पडवीत वाशाला झोळी टांगलेली, आत बाळ झोपलेलं, आणि वारा इतका की झोळी आपोआप हलत होती. मी एका दमात वादळ, भरती, बाळ, सगळं सांगितलं. मावशींनी मान वर केली नाही.

"आमाला निर्वासित म्हनलं भोंग्यावर," त्या म्हणाल्या. "घर हाय, होडी हाय, जाळी हायत. आमी कशाला निर्वासित?"

तो शब्द मी लिहिला होता, आणि लिहिताना मला त्यात वावगं असं काही वाटलंच नव्हतं... कारण आमच्या घरात तो शब्द आडनावासारखा वापरतात. मी मूळची सिंधी. फाळणीत आजोबा सगळं सोडून आले, सरकारने त्यांना कल्याणजवळ लष्कराच्या रिकाम्या बराकीत जागा दिली. त्याचंच पुढे उल्हासनगर झालं. आमच्या पत्त्यात अजून 'कॅम्प नंबर चार' लिहितात. मी तिथेच वाढले, मराठी शाळेत शिकले, आणि निर्वासित म्हणजे सरकार ज्यांना छप्पर देतं ते लोक, एवढाच अर्थ माझ्या डोक्यात पक्का बसला होता.

हे सगळं मी मावशींना सांगितलं. शब्द माझा होता, चूक माझी, तुमची माफी मागते म्हटलं.

मावशींचे हात थांबले. "मंग, आजोबा परत गेलं का घरी?"

"नाही मावशी. थोडे दिवस म्हणून आले होते, तिथेच वारले."

"त्याचंच भेव हाय, बाय. माजी बहीन दिलेली ते गाव प्रकल्पात उठवलं. उठलं ते उठलंच."

माझे डोळे भरून आले. वादळाला ही माणसं भीत नव्हती. त्यांना शाळेची भीती वाटत होती, आणि ती मी घातली होती.

भागी आतून म्हणाली, "आये, बाईंच्या शाळेत मी चार वर्सं होते. जाऊ या ना."

मावशींनी पोत्याचं तोंड बांधलं आणि म्हणाल्या, "वस्तीला या म्हना. वस्तीची एसटी सांजला येते नि सकाळी जाते का नाय? तसं सांगा भोंग्यावर."

मी धावतपळत रिक्षा गाठली आणि या वेळी माइक स्वतः हातात घेतला. "आज रात्री शाळेत वस्तीला या. कुलपं लावा, किल्ल्या तुमच्याजवळच ठेवा, सकाळी आपापल्या घरी." सांगून तर टाकलं. सकाळी घरं जागेवर असतील की नाही हे मला तरी कुठे माहीत होतं?

पाच वाजायच्या आत सगळी रांग शाळेत. कमरेला किल्ल्या, काखेत पोरं, आणि मावशींच्या डोक्यावर बोंबलांचं पोतं. सहावीचा वर्ग अजून घमघमतोय, पण तक्रार नाही.

वादळ रात्री गुजरातच्या बाजूला सरकलं, तरी जाता जाता हात दाखवून गेलं. सकाळी मी मावशींबरोबर त्यांच्या घरी गेले. भिंती शाबूत होत्या, पण पडवीचे पत्रे उडालेले, आणि झोळीचा वासा मोडून खाली पडलेला. भागीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. मावशींनी किल्ली काढून कुलूप उघडलं आणि त्या चुलीकडे गेल्या.

दारोदार कुलपं उघडल्याचे आवाज येत होते. मी रस्त्यातच उभी राहून रडले... सरकारी छावणीतून आपल्या घरी परत गेलेली माणसं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.