बॉम्बरचा खोका

प्रोजेक्टसाठी मोटर घ्यायला मी विजय नगरमधल्या जोडून बनवायच्या मॉडेलांच्या एका दुकानात गेलो होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अशा दुकानात काही विचारायलाही मला धीर गोळा करावा लागतो, म्हणून मी बाजूला थांबलो.

काउंटरवर एक आजोबा महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं अवाढव्य किट तपासत होते. त्यांचा उजवा हात सारखा थरथरत होता.

"अंकलजी, हजार तुकडे आहेत यात," दुकानदार म्हणाला. "तुम्ही छोटं घ्या ना, बच्चोंवालं."

आजोबांनी प्लास्टिकचे पंख उजेडात धरले. चाकांचे पाय धातूचे पाहून मान डोलावली. रेझिनची एक बंदूक वाकडी निघाली.

"बदलून मागवतो," दुकानदार म्हणाला.

"कशाला? गरम पाण्यात धरली की सरळ होते."

"पण अंकलजी, तुमचा हात..."

"भिया, मिल बंद होईपर्यंत फिटर होतो मी. हा हात रिकामा असला की जास्त थरथरतो."

त्यांनी चिमटा आणि कटर मागितला. किटमधल्या पितळी पत्र्यातून वैमानिकाच्या खुर्चीचा नखाएवढा पट्टा कापला. वाकवताना हात हलला. ते थांबले, श्वास घेतला आणि पट्टा खुर्चीवर बरोबर बसवला.

"आता तुकडा कापला, म्हणजे किट माझंच झालं. बांधा."

दुकानदार हसला. मी खोका उचलायला पुढे झालो.

"तू फक्त दार उघड, बेटा."

मी दार उघडलं. खोका त्यांच्या हातात थरथरत होता, पण पायऱ्या ते एकटेच उतरले.