साखरेचा ब्रश

मामांनी चाळीस वर्षं बसडेपोत लोखंड जोडलं. निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी तार आपोआप पुढे सरकवणारं छोटं मिग वेल्डिंग मशीन घेतलं आणि गल्लीतली मोडकी फाटकं हुडकायला लागले. मामी म्हणायची, गल्लीत काही मोडलं नाही तर हे आधी मोडतील, मग जोडतील.

मग मामीच्याच चाकाच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी तुटली. खुर्ची अ‍ॅल्युमिनियमची. नवा भाग यायला दुकानदारानं पंधरा दिवस सांगितले. मामीनं तीस वर्षं मुलींना पोहायला शिकवलंय, आणि रविवारी तलावावरच्या शर्यतीची शिट्टी तिनंच वाजवायची होती. चौघं जण तिला उचलून न्यायला तयार होते. तिनं सांगून टाकलं, पोत्यासारखी नेणार असाल तर मी घरीच बरी.

मी त्यांची भाची, नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, त्यामुळे सल्ल्यांना तोटा नव्हता. सांध्याला हवा लागू नये म्हणून शुद्ध आर्गॉन गॅसचा सिलिंडर आणला. अ‍ॅल्युमिनियमची मऊ तार अडकून आतच गुंता होऊ नये म्हणून केबलमध्ये टेफ्लॉनची नळी घातली. मामांची तक्रार वेगळीच होती. लोखंड बिचारं वितळण्याआधी लाल होऊन सांगतं. हे अ‍ॅल्युमिनियम तोंडातून अवाक्षर न काढता गळून पडतं.

शुक्रवारी टाकाऊ तुकड्यांवर सराव केला. प्रत्येक सांधा काळा, स्पंजासारखा भोकाभोकांचा. गॅस तपासला, तारेचा वेग बदलला, एकमेकांवर चिडून झालं. शनिवारी दुपारीही तेच. पंधरावा तुकडा मामा घासत होते तो डेपोतल्या त्यांच्या जुन्या तारेच्या ब्रशनं. मुठीला चिंधी गुंडाळलेला तो ब्रश ते कुणाला शिवू देत नसत.

मामी दारात घरातल्या खुर्चीवर वाटाणे सोलत बसली होती.

"अहो, फाटकांचा गंजही ह्याच ब्रशनं काढता ना?"

"मग?"

"तिखटाचा चमचा साखरेच्या डब्यात घालाल का?"

माझे कान तापले. लोखंडाचा ब्रश अ‍ॅल्युमिनियमला लावायचा नाही, गंजाचे कण सांध्यात शिरतात, हे मी परीक्षेत लिहून आले होते. मामा उठले. चपला घालून गेले आणि स्टेनलेस स्टीलचा कोरा ब्रश घेऊन आले. त्याच्या मुठीवर लाल रंगानं लिहिलं, साखर.

सोळावा सांधा माशाच्या खवल्यांसारखा चकचकीत आला. मग खरी पट्टी जोडली. गार झाल्यावर मामा तिच्यावर एका पायावर उभे राहिले, वर मला म्हणाले, तूही ये.

रविवारी मामी स्वतः चाकं फिरवत तलावाच्या काठापर्यंत गेली. शिट्टी वाजली, मुलींनी उड्या घेतल्या, काठावर एकच कल्ला झाला. मामा मात्र वाकून खुर्चीखालीच बघत होते.

मामीनं शिट्टी तोंडातून काढली. "अहो, शर्यत पाण्यात आहे."