ग्लाडिसबाई जांभळ्या झाल्या तेव्हा

सोइला कैसेदो ग्वायाकिलच्या टीव्ही केंद्रात कलाकारांची रंगभूषा करायची. आमच्या एस्मेराल्दास किनाऱ्यावरची काळीसावळी बाई, तोंडाची फटकळ. टीव्ही रंगीत झाला आणि आमची माणसं पडद्यावर हिरवट दिसू लागली. गोरी निवेदिका ग्लाडिसबाई मात्र गुलाबी, टवटवीत.

इलाज काय, तर पावडर! "थाप अजून," केंद्रप्रमुख आबेलसाहेब म्हणायचे, "काळं कातडं रंगीत टीव्हीला मानवत नाही." मानवत नाही म्हणे! जसा काही टीव्ही यांचा जावईच. सोइला चरफडत थापायची, कारण पोट होतं.

मग तिची भाची नेरेइदा रविवारच्या कार्यक्रमात मारिंबाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या, साथीवर गायली. दुसऱ्या दिवशी गावाकडून बहिणीचा फोन, "काय गं, पोरगी आजारी आहे का? मढ्यासारखी दिसत होती." आबेलसाहेबांनी बजावलं, "पुढच्या रविवारी हिला पांढरी कर, नाहीतर गाणं दुसरीला."

रविवारी नेरेइदाने सोइलाचा हात धरला. "मावशी, पांढरी होऊन नाही गाणार मी. आई मला ओळखायची नाही."

सोइलाने पावडरचा डबा बंद केला आणि पोरीला तशीच पाठवली.

बाहेरच्या दालनात लोकांच्या घरी असतो तसाच, अँटेनावर चालणारा टीव्ही होता. रंगाचं बटण ग्लाडिसबाई नीट दिसेपर्यंत फिरवायचं, ही साऱ्या शहराची रीत. सोइलाने ते नेरेइदाचा चेहरा खरा दिसेपर्यंत फिरवलं. नेरेइदा अगदी घरात बसल्यासारखी दिसली, आणि शेजारी ग्लाडिसबाई बीटासारख्या जांभळ्या!

"कुणी हात लावला?" आबेलसाहेब धावत आले. "इंजिनियरला बोलवा!"

"बोलवा की! मी कुठे पळतेय?"

बटण कसंही फिरवलं तरी दोन्ही चेहरे एकदम खरे दिसेनात, म्हणून इंजिनियरने टेकडीवरचं प्रक्षेपण यंत्र तपासलं. म्हणाला, "चित्रातला उजळ भाग जाताना त्याचा रंग सरकतोय. गडद चेहरे बरोबर पोचतात, गोरे बिघडतात. लोक बटण फिरवून गोरा चेहरा सावरतात, मग गडद हिरवा पडतो."

"म्हणजे बिघाड ग्लाडिसबाईंच्या चेहऱ्यात, आणि चुना आमच्या तोंडाला?" सोइला कडाडली.

"आता होतंय ना दुरुस्त? मग कशाला उगाच आवाज चढवतेस?" आबेलसाहेब म्हणाले.

झालं खरं दुरुस्त, त्याच संध्याकाळी. एका गाण्यापुरती एक गोरी बाई जांभळी दिसली म्हणून. आम्ही वर्षभर हिरवे होतो, तेव्हा कुणी यंत्राचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.